रूनी नियम

रूनी नियम : अमेरिकेतील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ (एनएफएल) या संघटनेचा, २००३ पासून लागू असलेला नियम. मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना कृष्णवर्णीय किंवा अन्य अल्पसंख्य समाजातील उमेदवाराची मुलाखत घेणे त्याने संघांना बंधनकारक केले. तो सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाचे मालक डॅन रूनी (१९३२–२०१७) होते, त्यांच्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे वाचताना चटकन आरक्षण आठवते, पण ती तुलना टिकत नाही. येथे जागा राखीव नाही, गुणांची सवलत नाही, नेमणुकीची सक्तीही नाही. उमेदवाराला खुर्चीवर बसवून चार प्रश्न विचारले की नियमाचे काम झाले. पुढे कोणाला नेमायचे ते संघमालकाच्या मर्जीवर.

नियम भरतीचा असला तरी त्याचे मूळ बडतर्फीत आहे. लीगमध्ये ३२ संघ, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या जागा ३२च. साखळी सामन्यांचा शेवटचा रविवार उलटला की दुसऱ्या दिवशी अपयशी प्रशिक्षकांना नारळ देण्याची रीत आहे. या दिवसाला ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, त्या दिवसाचे नाव इकडे आले असावे, असे सामान्यतः मानतात. ३१ डिसेंबर २०१२ या एका सोमवारी सात मुख्य प्रशिक्षक गेले. त्यांत फिलाडेल्फियात १४ हंगाम काढलेले अँडी रीड होते, तसेच त्याच हंगामात १६ पैकी १० सामने जिंकलेले शिकागोचे लव्ही स्मिथही होते. रीड आठवड्याच्या आत कॅन्सस सिटीत रुजू झाले व पुढे तेथे त्यांनी तीन सुपर बोल (लीगच्या विजेतेपदाचे अंतिम सामने) जिंकले. काढलेल्या प्रशिक्षकाला कराराच्या उरलेल्या वर्षांचा पगार सहसा मिळतो. दुसरीकडे नोकरी लागल्यास तो त्या प्रमाणात वळता होतो. संघमालकांना हा भुर्दंड परवडतो, हे दरवर्षीच्या यादीवरून दिसतेच. याला ठळक अपवाद खुद्द रूनींच्या संघाचा : १९६९ साली चक नोल, १९९२ साली बिल काउअर आणि २००७ साली माइक टॉमलिन, अशा त्या ३८ वर्षांत तेथे तीनच नेमणुका झाल्या.

पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक कोण, हा प्रश्न नियमाच्या पूर्वपीठिकेत हमखास येतो. सर्वसाधारणपणे फ्रिट्झ पोलार्ड (१८९४–१९८६) यांचे नाव घेतले जाते. ओहायोतील अ‍ॅक्रन प्रोज संघाकडून ते खेळत आणि १९२१ साली त्याचे प्रशिक्षकपदही सांभाळत. मात्र त्या हंगामासाठी एल्गी टोबिन यांचेही नाव नोंदले जाते, त्यामुळे पोलार्ड यांना ‘प्रशिक्षक’ म्हणावे की ‘सहप्रशिक्षक’, यावर मतभेद आहेत. वादाची खरी अडचण नावात नसून पदाच्या स्वरूपात असावी. त्या काळी सामना चालू असताना बाकावरून खेळाडूंना सूचना देणे नियमबाह्य होते. एनएफएलने ती मुभा १९४४ साली दिली. म्हणजे १९२१ चा प्रशिक्षक हा आजच्यासारखा कानाला हेडफोन लावून, हातातल्या तक्त्यावरून डावपेच सांगणारा गृहस्थ नव्हता. मैदानात उतरून जो संघ चालवी तोच व्यवहारात प्रशिक्षक ठरे. या निकषावर पोलार्ड यांचा दावा अधिक सबळ वाटतो, आणि २००५ साली त्यांचा समावेश करताना कँटनच्या हॉल ऑफ फेमनेही (या खेळातील नामवंतांच्या सन्मानदालनानेही) साधारण हीच बाजू उचलून धरली. पुढे १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूच नव्हते, तेव्हा प्रशिक्षकाचा प्रश्नच उद्भवला नाही.

दुसरे नाव उजाडायला १९८९ चा ऑक्टोबर यावा लागला. चार सामन्यांत तीन पराभव झाल्यावर लॉस एंजेलिस रेडर्सने माइक शॅनहन यांना काढून आर्ट शेल यांना नेमले. ‘आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक’ ही उपाधी शेल यांची. ‘अल्पसंख्य’ हा शब्द व्यापक घेतला, तर मेक्सिकोत जन्मलेले टॉम फिअर्स (न्यू ऑर्लिन्स, १९६७) त्यांच्या आधीचे ठरतात.

नियमाला तात्कालिक निमित्त जानेवारी २००२ मध्ये मिळाले. मिनेसोटाचे कृष्णवर्णीय प्रशिक्षक डेनिस ग्रीन यांना हंगामाचा एक सामना बाकी असतानाच निरोप देण्यात आला. त्याआधीच्या नऊ हंगामांत त्यांच्या संघाने एकदाही जिंकण्यापेक्षा अधिक सामने गमावले नव्हते. दहाच दिवसांनी टँपा बेने टोनी डंजी या कृष्णवर्णीय प्रशिक्षकालाही काढले. त्यांच्या जागी जॉन ग्रुडन यांना आणण्यासाठी टँपाने रेडर्सला ८० लाख डॉलर, तसेच ड्राफ्टमधील (महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) पहिल्या फेरीच्या दोन व दुसऱ्या फेरीच्या दोन संधी मोजल्या. प्रशिक्षकाचाही असा सौदा होतो, हे आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना नवल वाटण्याजोगे आहे.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला जॉनी कॉक्रन व सायरस मेहरी या वकिलांनी एक अहवाल जाहीर केला. त्यातील आकडेमोड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ जॅनिस मॅडन यांची होती. पंधरा हंगामांच्या आढाव्यातून असे मांडले गेले की कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी हंगामामागे सरासरी १.१ सामने अधिक जिंकले, पहिल्या वर्षात हा फरक २.७ चा होता, आणि ज्या वर्षी त्यांना काढले त्या वर्षीही ते काढल्या गेलेल्या गोऱ्या प्रशिक्षकांपेक्षा १.३ सामने पुढे होते. सारांश, नोकरी मिळवायला अधिक गुण लागतात आणि गमवायला कमी दोष पुरतात. हे आकडे वारंवार उद्धृत होतात. मात्र ज्यांच्यावरून ते काढले ते कृष्णवर्णीय प्रशिक्षक अवघे पाच होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. अहवालात नियम मोडणाऱ्या संघाची ड्राफ्टमधील संधी काढून घेण्याची सूचना होती. लीगने डिसेंबर २००२ मध्ये मुलाखतीची अट स्वीकारली, ती शिक्षा मात्र घेतली नाही.

पहिला दंड २००३ साली झाला. डेट्रॉइट लायन्सने मार्टी मॉर्निनवेग यांना काढून स्टीव्ह मारिउची यांना नेमले, आणि मधल्या काळात एकाही अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत झाली नाही. संघाचे म्हणणे असे की पाच जणांना बोलावले होते. ते आले नाहीत, कारण जागा कोणाची हे सगळ्यांना माहीत होते. लीगचे प्रमुख, म्हणजे आयुक्त, पॉल टॅग्लिअब्यू यांनी संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांना दोन लाख डॉलर दंड केला आणि पुढच्या वेळी पाच लाखांहून कमी होणार नाही, अशी तंबी दिली.

नियमाचे यश म्हणून बहुधा टॉमलिन यांची नेमणूक दाखवली जाते. चौतिसाव्या वर्षी ते पिट्सबर्गला आले व दोन वर्षांत त्यांनी सुपर बोल जिंकला. पण त्यांच्या आधीच रॉन रिव्हेरा यांची मुलाखत झालेली होती व अट तेवढ्याने पुरी झाली होती. तेव्हा टॉमलिन नियमामुळे आत आले, हे म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. नियमाने निर्माण केलेल्या वातावरणाला श्रेय देता येईल, कलमाला नव्हे. आकडेवारीवरही एकमत नाही. लीगमधील कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांची संख्या २००२ मध्ये दोन होती, ती २००६ मध्ये सातवर गेली. मॅडन यांच्या नंतरच्या अभ्यासात जिंकण्यातील जुना फरक नाहीसा झाल्याचे दिसले व तो नियमाचा परिणाम मानला गेला. उलट सोलो, सोलो व वॉकर यांनी २०११ साली वय, अनुभव व कामगिरी हिशेबात धरून तपासले, तेव्हा नियमामुळे नेमणुका वाढल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. हे दुसरे मत अधिक सावध आहे. शिवाय जानेवारी २०२२ अखेर कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक एकटे टॉमलिन उरले होते, हेही वाढीच्या दाव्याला अनुकूल नाही.

सुधारणा अनेक झाल्या. २००९ साली जनरल मॅनेजरसारखी (संघबांधणी पाहणारी) वरिष्ठ पदे नियमाखाली आली. २०१८ च्या अखेरीस घरच्याच साहाय्यकाला समोर बसवून अट भागवण्याची सोय बंद झाली : उमेदवार संघाबाहेरचा किंवा लीगच्या यादीतला हवा. २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षकासाठी बाहेरचे दोन उमेदवार आवश्यक झाले आणि आक्रमण व बचाव समन्वयकांच्या (त्या-त्या बाजूचे डावपेच पाहणाऱ्या साहाय्यक प्रशिक्षकांच्या) जागांनाही नियम लागू झाला. मुख्य प्रशिक्षक बहुतेक या समन्वयकांतूनच निवडले जातात, म्हणून हा बदल वाटतो त्यापेक्षा मोठा. त्याच वर्षी आमिषही आले : आपला अल्पसंख्य साहाय्यक दुसऱ्या संघाने मुख्य प्रशिक्षक वा जनरल मॅनेजर म्हणून नेला, तर मूळ संघाला दोन वर्षे तिसऱ्या फेरीअखेर एकेक जादा खेळाडू निवडता येतो. २००२ च्या अहवालाने ज्या ड्राफ्टचा बडगा सुचवला होता, तोच आता बक्षीस म्हणून वापरला गेला. २०२२ पासून नियमात बसणाऱ्या उमेदवारांत स्त्रियांचाही समावेश झाला.

दोन पळवाटा मात्र अधिकृतच आहेत. हंगाम चालू असताना नेमलेल्या हंगामी प्रशिक्षकाला नियम लागत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसने माजी खेळाडू जेफ सॅटर्डे यांना, महाविद्यालयीन वा व्यावसायिक पातळीवरील प्रशिक्षणाचा अनुभव नसताना, थेट नेमले ते यामुळेच. दुसरी म्हणजे, एखाद्या साहाय्यकाच्या करारात उत्तराधिकार आधीच लिहून लीगला कळवला असेल, तर मुलाखतींची गरज नाही.

मुलाखत नावापुरती असते, हा आक्षेप जुना. त्याला कागदोपत्री आधार मिळाला तो ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाच्या दाव्यात. मायामीने १० जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे ब्लॅक मंडेलाच, त्यांना काढले. २७ तारखेला न्यूयॉर्क जायंट्सकडे त्यांची मुलाखत ठरली होती. तीन दिवस आधी त्यांचे जुने वरिष्ठ बिल बेलिचिक यांनी मोबाइलवर संदेश पाठवून जायंट्सची जागा मिळाल्याबद्दल अभिनंदन केले. फ्लोरेसना शंका आली. आपण कोणत्या ब्रायनशी बोलत आहात, फ्लोरेस की डेबल, असे त्यांनी उलट विचारले. बेलिचिक यांनी चूक कबूल केली : संदेश ब्रायन डेबल यांच्यासाठी होता. फ्लोरेस तरीही ठरल्या दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी डेबल यांची नेमणूक जाहीर झाली. १ फेब्रुवारीला फ्लोरेस यांनी लीगसह तीन संघांवर मॅनहॅटनच्या संघीय न्यायालयात वर्णभेदाचा दावा लावला. जायंट्सने आरोप नाकारला. पुढे स्टीव्ह विल्क्स व रे हॉर्टन हे प्रशिक्षकही दाव्यात सामील झाले. नंतरची कायदेशीर लढाई बव्हंशी मूळ आरोपावर नसून, तो न्यायालयाने ऐकावा की लीगच्या आयुक्ताच्या लवादाने, यावर झाली. २०२३ मध्ये न्यायाधीश व्हॅलरी कॅप्रोनी यांनी दाव्याचा काही भाग न्यायालयात ठेवला व काही लवादाकडे पाठवला. ऑगस्ट २०२५ मध्ये अपील न्यायालयाने आयुक्तापुढील लवादाची सक्ती अमान्य केली.

लीगबाहेर नियमाचे अनुकरण झाले. ऑरेगन राज्याने २००९ मध्ये सरकारी विद्यापीठांतील मुख्य प्रशिक्षकांसाठी तशी तरतूद कायद्यातच केली, तर इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१८ मध्ये राष्ट्रीय संघांसाठी ती पद्धत घेतली.

अलीकडचे बहुचर्चित उदाहरण न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे. बेलिचिक २४ हंगामांनंतर जानेवारी २०२४ मध्ये पायउतार झाले, तेव्हा संघाने उत्तराधिकाराच्या कलमाचा आधार घेऊन एकही मुलाखत न घेता जेरॉड मेयो या कृष्णवर्णीय साहाय्यकाला बढती दिली. मेयो यांच्या संघाने १७ पैकी चार सामने जिंकले. ५ जानेवारी २०२५ रोजी हंगामाचा शेवटचा सामना जिंकल्यावर काही तासांतच त्यांना काढण्यात आले. या खेपेस नियम लागू होता. संघाने बायरन लेफ्टविच व पेप हॅमिल्टन या, त्या हंगामात लीगमध्ये कोठेही कामावर नसलेल्या, दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या मुलाखती एकाच दिवशी उरकल्या आणि त्याच आठवड्यात माइक व्रेबल यांना नेमले.