फडातली ढोलकी, बारीतली ढोलकी

लावणी दिसली की लोक ‘तमाशा’ म्हणून मोकळे होतात. पण नारायणगावच्या राहुटीतला ढोलकीवाला आणि मोडनिंबच्या कलाकेंद्रातला ढोलकीवाला एकाच मापाने मोजले, तर दोघांवरही अन्याय होतो. पहिला ढोलकी फडाचा, दुसरा संगीतबारीचा. वाद्य तेच, पण पोट भरायची रीत निराळी.

फड, म्हणजे तमाशाची मंडळी, फिरता. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडायचं, चैत्र-वैशाखातल्या जत्रा उरकून परतायचं. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. गण, गवळण, बतावणी म्हणजे विनोदी संवाद, मग वग म्हणजे नाट्य, रात्र सरते. वादकाला हंगामाचा पगार ठरलेला असतो, पण त्यातली मोठी रक्कम उचल म्हणून आधीच हातात पडलेली. पावसाळ्यात फड बंद, तेव्हा घर त्या उचलीवर चालतं. मुलीचं लग्न, आजारपण, घराचं छप्पर, सगळं तिच्यातच. पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो, आणि फड सोडायचा म्हटलं तरी पाय निघत नाही.

वाजवायचं तेही उघड्या माळावर, मागच्या माणसापर्यंत पोचेल असं. पौषातल्या रात्री दव पडलं की वाद्याचं कातडं सैल पडून सूर उतरतो. मग कनातीमागे पाचट पेटवून हलगी शेकतात, बोटाने टिचकी मारून कानाशी धरतात, मनासारखी बोलेना तर पुन्हा जाळावर. गणाआधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी रंगते, तिच्या आधीची ही मेहनत प्रेक्षकाला दिसतच नाही. ती एकदा तरी जवळून बघावी, असं मला मनापासून वाटतं.

संगीतबारी मुक्कामी. एका थिएटरात किंवा कलाकेंद्रात अनेक पार्ट्या राहतात, प्रत्येकीला आपली पाळी, म्हणजे बारी. पुण्याचं आर्यभूषण थिएटर याच परंपरेतलं. इथे वग नाही, सोंगाड्या नाही. पार्टी बाईच्या नावाची, मालकीणही तीच. पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला यांचा मिळकतीत वाटा असतो. फर्माईश आली, दौलतजादा म्हणजे रसिकांची पैशांची उधळण झाली, तर वाटा फुगतो. रसिक फिरकले नाहीत तर रात्र कोरडी.

प्रेक्षक हाताच्या अंतरावर, म्हणून आवाजापेक्षा नजर महत्त्वाची. बैठकीच्या लावणीत बाई एकच ओळ बसल्या जागी दहा भावांनी फिरवते. कुठे थांबायचं, कुठे सम गाठायची हे साथीदाराने तिच्या भुवईवरून ओळखायचं. यमुनाबाई वाईकर (1915-2018) ही अदा जगल्या. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या लावणीसम्राज्ञी. फड गाजवणाऱ्या विठाबाई नारायणगावकर तमाशासम्राज्ञी. लोकांनी पदव्या देताना फरक बरोबर ओळखला होता.

समाजही वेगळे: फडात पिढ्यान्‌पिढ्या महार-मांग कलावंत जास्त, बारीत कोल्हाटी.

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशभरातली टाळेबंदी त्याच दिवशी लागू झाली. फडाच्या जत्रा बुडाल्या, उचल मात्र अंगावर राहिली. बारीचे पडदेही पडले. तिथल्या साथीदाराचा रोजचा वाटा थांबला. एकाला फेडीसाठी मुदत हवी होती, दुसऱ्याला त्याच आठवड्याचा शिधा.