धुळीत तंतू, दाव्यात व्याख्या

अ‍ॅस्बेस्टॉस म्हटले की आपल्याला छपराचे सिमेंटचे पत्रे आठवतात. सह्याद्रीचा काळा पाषाण फोडताना तो निघेल अशी धास्ती सहसा कोणी बाळगत नाही. कॅलिफोर्नियात मात्र तो डोंगराच्या पोटातच असतो. तिथला हिरवट, गुळगुळीत सर्पेंटाइन खडक १९६५ पासून राज्याचा अधिकृत खडक आहे, आणि त्याच्या भेगांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सापडतात. बुलडोझर फिरला की ते धुळीबरोबर उडतात, आणि श्वासात गेले की कर्करोगाचा धोका असतो. म्हणून २००१ साली राज्याच्या हवा मंडळाने अशा जमिनीवरच्या खोदकामासाठी पाणी मारणे, माती झाकणे, गाड्यांची चाके धुणे असे नियम केले.

सॅक्रामेंटोजवळच्या एल डोराडो हिल्समध्ये २००२ साली ओक रिज हायस्कूलची मैदाने तयार करताना ट्रेमोलाइट जातीच्या अ‍ॅस्बेस्टॉसची शीर लागली. पुढे रहिवाशांच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने २००४ मध्ये वेगळीच चाचणी घेतली. तिच्या माणसांनी हवेचे नमुने घेणारी यंत्रे अंगावर बांधून तिथे खेळ खेळले, सायकली चालवल्या. अशा हालचालीने श्वासात जाणारे तंतू वाढतात, असे २००५ मध्ये जाहीर झाले.

खरी खोच इथून सुरू होते. खडी-वाळू उद्योगाच्या संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांचे म्हणणे पडले की यातले बरेच कण अ‍ॅस्बेस्टॉस नव्हेतच, त्याच खनिजाच्या फुटलेल्या कपच्या आहेत. २००६ मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने सांगितले की अनेक कण अ‍ॅस्बेस्टॉसच्या व्यापारी व्याख्येत बसत नाहीत, पण तंतू मोजण्याच्या नियमात बसतात. म्हणजे पर्यावरण संस्था आणि उद्योग, दोघेही आपापल्या जागी बरोबर!

धुळीबद्दल बोलणाऱ्या रहिवाशावर खोदकाम करणारी कंपनी बदनामीचा दावा टाकू शकते. अशा दाव्यात ‘मी बोललो ते खरे होते’ हा सर्वांत भक्कम बचाव. पण ‘तुमच्या खोदकामातून अ‍ॅस्बेस्टॉस उडतोय’ हे वाक्य खरे की खोटे, हेच जर सूक्ष्मदर्शकाखालच्या व्याख्येवर ठरणार असेल, तर शेजारच्या गल्लीतल्या माणसाने काय करावे? त्यात या तंतूंमुळे होणारा मेसोथेलिओमासारखा कर्करोग उमटायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. वकिलाची नोटीस आठवड्यात येते.

अशा दाव्यांना नाव मिळाले १९८० च्या दशकात. डेन्व्हर विद्यापीठातले जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कनान यांनी, सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्यांना गप्प करण्यासाठी टाकलेल्या दाव्यांना ‘स्लॅप’ म्हटले. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले हे नाव म्हणजे थप्पडच. जिंकणे हा हेतू नसतोच. खर्च आणि धसका पुरतो. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये त्यावर कायदा केला. प्रतिवादीचे बोलणे सार्वजनिक प्रश्नावरचे असेल तर दावा टिकण्याजोगा आहे हे वादीने सुरुवातीलाच दाखवायचे. तोवर कागदपत्रांची मागणी थांबते, आणि दावा फेटाळला तर प्रतिवादीच्या वकिलाची फी वादीच्या माथी. माझ्या मते यातली फीची तरतूदच खरा दात आहे.

बोलणाऱ्यांची शंका निराधार नसते, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंटने दाखवले. नौदलाच्या जुन्या गोदीच्या जागेवर २००६ मध्ये लेनार कंपनीने घरबांधणीसाठी टेकडी सपाट करायला घेतली. खडक तोच, सर्पेंटाइन. शेजारी शाळा, आणि धूळ मोजणारी यंत्रे काही महिने नीट चाललीच नव्हती. रहिवासी ओरडत होते. शहराचे आरोग्य खाते म्हणत होते, दीर्घकालीन धोका नाही. शेवटी २००८ मध्ये कंपनीने हवा नियंत्रण यंत्रणेकडे ५ लाख १५ हजार डॉलर भरले.

आपल्याकडे ‘स्लॅप’विरोधी वेगळा कायदा नाही. बदनामी दिवाणी दाव्याचाही विषय आहे आणि फौजदारी गुन्हाही, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. त्या कलमात सत्याचा अपवाद आहे, पण नुसते खरे असून भागत नाही; ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तसंस्थेवरचा मनाई हुकूम रद्द करताना ‘स्लॅप’चा नाव घेऊन उल्लेख केला आणि खटल्याआधीच तोंड बंद करणारे हुकूम देताना खालच्या न्यायालयांनी जपून राहावे, असे बजावले.