गाडी दुसऱ्याची, विमा कोणाचा?

मित्राची किंवा नातेवाइकाची गाडी मागून घेतली आणि अपघात झाला, तर भरपाई कोणी द्यायची, हा वाद मोटारविम्याच्या सुरुवातीपासून चालत आला आहे. विमा हा कंपनी आणि विमेदार या दोघांमधला करार. गाडी मागून नेणाऱ्याने ना हप्ता भरलेला असतो, ना कुठे सही केलेली असते. मग त्याच्या चुकीचे पैसे कंपनीने का द्यावेत?

इंग्लंडमध्ये १९२४ साली विल्यम्स विरुद्ध बाल्टिक इन्शुरन्स या खटल्यात हाच मुद्दा आला. मालकाच्या संमतीने गाडी चालवणाऱ्या मित्र-नातेवाइकांनाही संरक्षण, असं पॉलिसीत लिहिलेलं होतं. अपघात झाला तेव्हा मालकाची बहीण गाडी चालवत होती. न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. पण कॅनडातल्या एका खटल्यात नेमकं उलटं झालं. तिथे वडिलांची गाडी मुलगी चालवत होती आणि पॉलिसीत परवानगीचं कलमही होतं. तरीही मुलीशी कंपनीचा करारच नव्हता, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ठरवलं आणि जखमी बाईला कंपनीकडून काहीच मिळालं नाही. कराराच्या तर्काला धरून असेलही, पण मला हा निकाल आजही क्रूर वाटतो.

ब्रिटनमध्ये ही फट बुजवली ती १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने. थर्ड पार्टी विमा, म्हणजे अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली तर त्याला भरपाई देणारा विमा, सक्तीचा झाला. पॉलिसीत ज्यांचा उल्लेख आहे, त्यांच्याशी वेगळा करार नसला तरी कंपनी बांधील राहील, हेही कायद्यातच आलं. शिवाय विमा नसलेल्या माणसाला आपली गाडी चालवू देणं हा मालकाचाच गुन्हा ठरला. या तरतुदीचा खरा अर्थ काही वर्षांतच मंक विरुद्ध वॉर्बीज खटल्यात स्पष्ट झाला. मालकाने गाडी एकाला दिली, अपघाताच्या वेळी ती चालवत होता आणखी दुसराच, आणि त्याला विम्याचं संरक्षण नव्हतं. समोरच्या बसचा ड्रायव्हर जखमी झाला. चालवणाऱ्याकडून वसूल होण्यासारखं काही नव्हतं, म्हणून न्यायालयाने भरपाईची जबाबदारी थेट गाडी देणाऱ्या मालकावर टाकली. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत न्याय्य वाटतो तो हा निकाल, कारण किल्ली कोणाच्या हातात द्यायची हे शेवटी मालकच ठरवतो.

ब्रिटिश पॉलिसींमध्ये दुसराही एक प्रकार रुळला: विमेदाराने स्वतःची नसलेली गाडी चालवली तरी त्याला संरक्षण. इथे विमा गाडीपेक्षा माणसाच्या मागे जातो. मात्र १९३५ च्या टॅटरसॉल विरुद्ध ड्रायस्डेल निकालाने त्याला कुंपण घातलं. विमेदाराने आपली विमा उतरवलेली गाडी विकून टाकली होती आणि तो दुसऱ्याची गाडी चालवत होता. मूळ गाडीच राहिली नाही, तेव्हा तिच्यावर उभी असलेली जादा सवलतही संपली, असं न्यायालय म्हणालं. ही सवलत आजही सहसा थर्ड पार्टीपुरतीच असते. मागून आणलेल्या गाडीचं नुकसान तिच्यात बसत नाही. आता तर अनेक कंपन्या ती आपोआप देतही नाहीत.

भारतात ब्रिटिश वळणाचा कायदा १९३९ साली आला, विम्याची सक्ती १९४६ पासून लागू झाली आणि पुढे १९८८ च्या कायद्याने जुन्याची जागा घेतली. इथे विमा मुख्यतः गाडीच्या मागे जातो. मालकाच्या परवानगीने आणि वैध लायसन्स घेऊन कोणी चालवत असेल, तर थर्ड पार्टीचा क्लेम सहसा त्याच पॉलिसीतून भागतो. पण गाडी मागून नेणाराच मेला तर? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात आणि २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात सांगितलं, की असा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे त्याच गाडीच्या विमा कंपनीकडे त्याच्या कुटुंबाला थर्ड पार्टी म्हणून दाद मागता येत नाही. रामखिलाडी प्रकरणात कुटुंबाच्या हाती आला तो फक्त मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा १ लाख रुपये.