कायदा तोच, मेमो नवा

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या माणसाचं पुढे काय होणार, हे कायदा ठरवतो असं आपण धरून चालतो. पण तिथल्या हद्दपारीच्या कायद्याचा सांगाडा १९९६ सालचा आहे आणि तो आजही जवळजवळ तसाच उभा आहे. तरीही त्याच कायद्याखालची एखादी फाईल २०१२ मध्ये बासनात गेली, २०१८ मध्ये बाहेर निघाली आणि २०२१ नंतर पुन्हा आत जाऊ शकली. माणूस तोच, पुरावे तेच. बदलला तो वरून आलेला मेमो.

ही पद्धत जुनी आहे, फक्त ती बराच काळ कुणाला दिसत नव्हती. ती उजेडात आली ती गायक जॉन लेनन यांच्या प्रकरणामुळे. १९६८ मध्ये लंडनला अमली पदार्थाच्या एका गुन्ह्यात ते दोषी ठरले होते. निक्सन सरकारने १९७२ मध्ये त्याच आधारावर त्यांच्यावर हद्दपारीची कारवाई सुरू केली. त्यांचे वकील लिऑन वाइल्ड्स यांनी माहितीच्या कायद्याखाली इमिग्रेशन खात्याचे कागद मिळवले. त्यातून कळलं, की खातं कितीतरी लोकांची प्रकरणं 'नॉनप्रायॉरिटी' असा शेरा मारून गुपचूप बाजूला ठेवत आलं होतं. त्यात म्हातारी माणसं होती, आजारी होती, फार लहानपणी आलेली होती. ही सूचना फक्त अंतर्गत पुस्तिकेत होती, त्यामुळे ज्यांना तिची गरज होती त्यांना ती मागताच येत नव्हती. १९७५ मध्ये लेनन यांना हीच सवलत मिळाली आणि पुढच्या वर्षी ग्रीन कार्डही. पण सवलत हा हक्क नव्हे, आणि पुढच्या पन्नास वर्षांतल्या साऱ्या अडचणी याच फरकातून आल्या आहेत.

१९९६ च्या कायद्याने न्यायाधीशांचे हात बांधले. किरकोळ वाटणारे कितीतरी गुन्हे हद्दपारीस पात्र ठरले, तेही मागच्या तारखेपासून. वीस-वीस वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेली माणसं जुन्या, शिक्षा भोगून झालेल्या गुन्ह्यासाठी पकडली जाऊ लागली. ओरड इतकी वाढली, की १९९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, २८ सदस्यांनी सरकारला पत्र लिहून तारतम्याने वागण्याची विनंती केली. सह्या करणाऱ्यांमध्ये लामार स्मिथ होते, त्या कठोर कायद्याचे एक प्रमुख शिल्पकार. पुढच्या वर्षी इमिग्रेशन खात्याच्या आयुक्त डॉरिस माइसनर यांनी मेमो काढला: कुणावर कारवाई करायची आणि कुणाला सोडायचं, हे अधिकाऱ्याने माणूस पाहून ठरवावं. कायदा मात्र कुणी दुरुस्त केला नाही.

२०११ मध्ये आयसीईचे, म्हणजे अटक आणि हद्दपारीचं काम करणाऱ्या यंत्रणेचे, प्रमुख जॉन मॉर्टन यांनी हाच धागा पुढे नेला. वर्षाला सुमारे चार लाख लोकांनाच परत पाठवण्याइतकी यंत्रणेची ताकद आहे, तेव्हा ती आधी गंभीर गुन्हेगारांवर वापरावी, असा त्यांचा हिशेब होता. हजारो खटले 'प्रशासकीयदृष्ट्या बंद' झाले. बंद म्हणजे निकाली नव्हे. कोर्टाच्या तारखा थांबल्या, फाईल कपाटात गेली, इतकंच.

२०१७ च्या जानेवारीत ट्रम्प सरकार आलं आणि पहिल्याच आठवड्यात प्राधान्यक्रम मोडीत निघाला. सगळ्यात मोठा घाव बसला तो नियमाने वागणाऱ्यांना. हद्दपारीचा जुना हुकूम डोक्यावर असलेले, पण देखरेखीखाली राहण्याची मुभा मिळालेले बरेच लोक ठरल्या तारखेला आयसीईच्या कार्यालयात हजेरी लावत. वर्क परमिट घेत, कर भरत. त्यांचा पत्ता सरकारकडे होताच. २०१७ मध्ये यातले कित्येक जण हजेरीलाच पकडले गेले. हुकूम अंतिम असल्याने त्यांना नवी सुनावणी आपोआप मिळत नाही. प्रकरण पुन्हा उघडण्यासाठीचा अर्ज साधारणपणे हुकूम झाल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो, आणि ती मुदत कधीच उलटलेली असते. लपून राहिलेल्यापेक्षा विश्वास ठेवून समोर आलेला आधी सापडतो, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचते.

इमिग्रेशन न्यायालयं ॲटर्नी जनरलच्या हाताखाली चालतात. २०१८ मध्ये त्या पदावरच्या जेफ सेशन्स यांनी फाईल बाजूला ठेवण्याचा न्यायाधीशांचा सर्वसाधारण अधिकारच काढून घेतला. तेव्हा साडेतीन लाखांहून जास्त प्रकरणं अशी बंद होती. २०२१ मध्ये नवे ॲटर्नी जनरल मेरिक गार्लंड यांनी तो निर्णय फिरवला.

या हेलकाव्यांत वेळ जातो, आणि वेळ इथे तटस्थ नसतो. दहा वर्षं देशात राहिलेल्याला हद्दपारी रद्द करून मागता येते, पण त्यासाठी अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला, आईवडिलांना किंवा मुलाला असाधारण हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. मूल म्हणजे २१ वर्षांखालचं आणि अविवाहित. अर्ज करताना मुलगी बारा वर्षांची असेल आणि सुनावणी रखडत ती एकविसाची झाली, तर तिच्या नावावरचा आधार संपतो. फाईल ज्या कपाटात सुखरूप वाटत होती, तिथेच ती आतून पोकळ होत जाते.

२०२१ मध्ये बायडन सरकारचे गृहसुरक्षामंत्री मायोर्कास यांनी नवे प्राधान्यक्रम आणले. २०२२ मध्ये राज्यांनी लावलेल्या दाव्यात टेक्सासमधल्या एका फेडरल न्यायाधीशाने ते रद्द केले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ ने सांगितलं, की राज्यांना याविरुद्ध दावा लावता येत नाही. मधलं वर्ष ज्यांची सुनावणी झाली त्यांचं काय, याला उत्तर नाही.

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प परत आले आणि पुन्हा सगळं उलटलं. शाळा, चर्च आणि इस्पितळांजवळ कारवाई टाळण्याची सूचना त्याच दिवशी काढून घेतली गेली. सप्टेंबरमध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवलं, की तपासणीविना सीमा ओलांडून आलेल्याला इमिग्रेशन न्यायाधीश जामीन देऊ शकत नाहीत, मग तो कितीही वर्षं इथे राहत असो. अनेक फेडरल जिल्हा न्यायाधीशांनी हा अर्थ नाकारला आणि अटकेतल्यांना सुनावणी द्यायला लावली. काहींनी तो मान्य केला. त्यामुळे एकाच आठवड्यात पकडलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला जामिनाची सुनावणी मिळाली आणि दुसरा कोठडीतच राहिला, असं घडू शकतं. कारण एवढंच, की आयसीईने त्या दोघांना वेगवेगळ्या राज्यांतल्या कोठड्यांत पाठवलेलं असतं.