मांजर वारंवार केस ओकतं तेव्हा

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांना टेकतो आणि मांजरं गार फरशी शोधून अंग चाटत बसतात. त्या चाटण्यात स्वच्छतेबरोबर थंडावाही असतो. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; केसांवर पसरलेली लाळ वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले केराटिनचे बारीक काटे असतात. त्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात आणि लाळ थेट कातडीपर्यंत पोचवतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली दाखवलं. याच काट्यांत अडकलेले सुटे केस मांजराला थुंकता येत नाहीत, गिळावेच लागतात.

केसही केराटिनचाच, तो पचत नाही. बहुतेक केस शीवाटे निघून जातात. जठरात उरलेल्यांचा गुंता होतो आणि अन्ननलिकेतून वर येताना तो दाबला जाऊन लांबट होतो.

लांब केसांच्या पर्शियन मांजराने अधूनमधून असा गुंता टाकला तर घाबरू नये. पण आखूड केसांचं गावठी मांजर दर आठवड्याला ओकू लागलं, तर केसांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. एक तर ते जास्त केस गिळतंय, नाहीतर पोटातून ते पुढे सरकत नाहीत. पहिल्यामागे पिसवा, ॲलर्जी किंवा ताण असतो. दुसऱ्यामागे आतड्याची जुनाट सूज असू शकते. पोटावरचे, मांड्यांच्या आतले केस चाटून विरळ झालेत का, पाहा. शेपटीच्या मुळाशी काळे कण सापडले तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर टिपा. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा.

रोज विंचरण्याइतका कामाचा उपाय दुसरा नाही. इसबगोल किंवा केस सरकवणारी पेस्ट डॉक्टर सांगतील त्या मापानेच द्यावी. शेंगदाण्याचं तेल चमच्याने पाजायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तेलाने ठसका लागेलच असं नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

मान लांबवून, जमिनीलगत बसून मांजर खोकल्यासारखा आवाज करतं आणि बाहेर काहीच पडत नाही, तेव्हा तो दमाही असू शकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. उमासे थांबत नसतील, खाणं सुटलं असेल, शी होत नसेल, तर आतडं तुंबल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजर लठ्ठ असेल तर उशीर आणखी महागात पडतो, कारण काही दिवसांच्या उपासानेही त्याच्या यकृतात चरबी साचू लागते.