अकरा सुट्या भागांचा आवाज : फझ पेडलची पार्श्वभूमी

गिटारचा स्वर मुद्दाम फाटका, घरघरता करणाऱ्या पायाने चालवायच्या डबीचे, म्हणजे हाताने बनवलेल्या महागड्या फझ पेडलचे, खालचे झाकण उघडले की वादकाच्या तोंडून बहुधा एकच शब्द निघतो, ‘एवढंच?’ इंदूरमधल्या तरुण गिटारवादकांनी परदेशांतून मागवलेली अशी पेडले दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या पोटात दोन ट्रांझिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पोटेन्शिओमीटर (फिरवायची बटणे), असे अकरा भाग निघतात. एवढ्याशा सामानाला एवढे मोल कसे आले आणि त्यातले किती रास्त आहे, हे समजण्यासाठी या मंडलाचा (सर्किटचा) इतिहास पाहावा लागतो.

त्याचा आरंभ एका बिघाडात आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवत असताना ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलच्या एका चॅनेलमधील ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि वाद्याचा स्वर फाटून घरघरू लागला. तो भाग तसाच ठेवायचे ठरले. १९६१ साली गाणे लोकप्रिय झाल्यावर इतर कलाकारही त्या आवाजाची मागणी करू लागले, तेव्हा ध्वनिअभियंता ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स यांच्यासह तोच परिणाम ट्रांझिस्टरने साधणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो एफझेड-१ फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. त्यात जर्मेनियम या अर्धवाहकाचे तीन ट्रांझिस्टर होते आणि ते दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालत असे. कंपनीने मात्र त्याची जाहिरात गिटारमधून ट्रंपेट, ट्यूबा किंवा चेलो यांचा भास निर्माण करणारे साधन म्हणून केली. ती कोणाला पटली नसावी, कारण १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडच्या ‘सॅटिसफॅक्शन’मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरेपर्यंत विक्री थंडच होती. गंमत म्हणजे त्यांनाही ती सुरावट पुढे पितळी वाद्यांना द्यायची होती आणि फझ ही तात्पुरती खूण होती.

बिघाडातून आवाज कमावण्याची ही गोष्ट आपल्या कानांना परकी वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते न टेकते अशी जवारी लावणारा कारागीर स्वच्छ स्वरात मुद्दाम उपस्वरांची झणझण मिसळत असतो. फझमध्ये हे काम तार करत नाही, वीज करते : संकेताची लाट वाढवत नेऊन तिचे माथे छाटले जाते आणि त्या छाटणीतून नवे उपस्वर जन्मतात. छाटणी कोठे, किती आणि कोणत्या बाजूला होते यावर आवाजाचा पोत ठरतो, आणि जवारीप्रमाणेच येथेही शेवटचा निवाडा कानाचा असतो.

१९६५ मध्ये लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी ‘टोन बेंडर’ बनवले. पुढच्याच वर्षी आर्बिटर कंपनीचे ‘फझ फेस’ आले, ज्याचा गोल धातूचा डबा मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचला होता. गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर पोचले, आणि आजच्या बुटिक, म्हणजे छोट्या कारागिरांनी बनवलेल्या, पेडलांपैकी मोठा वर्ग याच मंडलाचा वंशज आहे. ट्रांझिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर अशी तीन टोके असतात. या मंडलात पहिल्या ट्रांझिस्टरचा कलेक्टर थेट दुसऱ्याच्या बेसला जोडलेला असतो आणि दुसऱ्याच्या एमिटरकडून एक लाख ओहमच्या रेझिस्टरमधून प्रतिभरण (फीडबॅक) पहिल्याच्या बेसकडे परत येते. एक किलोओहमचे ‘फझ’ नियंत्रण त्याच एमिटरवर बसते. दुसऱ्या कलेक्टरवर नऊ व्होल्टच्या साधारण निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट मिळाले, तर आवाज भरीव येतो. त्यापासून फार ढळल्यास स्वर मध्येच तुटतो आणि मंद होत जाणारी तार जणू कोणी खुडून टाकल्यासारखी थांबते. मंडलाचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे येणाऱ्या संकेताला होणारा विरोध, इतका कमी असतो की तारांची कंपने टिपणारे गिटारचे पिकअपही त्याचा भाग बनतात. त्यामुळे गिटारवरील व्हॉल्यूम थोडा उतरवताच घरघर विरून स्वर जवळजवळ स्वच्छ होतो. बऱ्या पेडलची ही पहिली परीक्षा आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही.

खरा पेच जर्मेनियमचा आहे. मूळ ‘फझ फेस’मध्ये न्यूमार्केट कंपनीचे एनकेटी २७५ ट्रांझिस्टर असत. त्या काळी एकाच पेटीतील दोन ट्रांझिस्टरांचे वर्धन, म्हणजे संकेत किती पट वाढतो ते प्रमाण, कधी दुप्पट-तिपटीने वेगळे निघे, आणि कारखान्यात हाती येईल तो भाग बसवला जाई. साहजिकच काही पेडले अप्रतिम निघाली, तर काही अगदीच टाकाऊ. आज पहिल्या स्थानी सत्तर ते ऐंशी आणि दुसऱ्या स्थानी शंभर ते एकशेतीस वर्धनाची जोडी निवडण्याचा प्रघात आहे, पण साधा मल्टिमीटर येथे फसवतो. जर्मेनियममधून बेस मोकळा सोडला तरी थोडा प्रवाह गळत राहतो. मीटर ही गळतीही वर्धनातच धरतो, म्हणून एकशेतीस दाखवणारा ट्रांझिस्टर प्रत्यक्षात नव्वदचा असू शकतो. गळती वेगळी मोजून वजा करावी लागते. ट्रांझिस्टर बोटांत धरून मोजला तर बोटाच्या उबेनेही आकडा सरकतो.

ही गळती दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते. लंडनमध्ये हा तपशील ठरतो, इंदूरमध्ये तो मुख्य विषय होतो. ‘शब-ए-माळवा’ म्हणून नावाजलेल्या इथल्या गार रात्री वीस अंशांत जुळवलेल्या पेडलमध्ये शंभर मायक्रोअँपिअर गळती असेल, तर वैशाखातल्या दुपारी चाळीस अंशांत ती चारशेवर जाते आणि बायस, म्हणजे तो साडेचार व्होल्टचा तोल, जागा सोडतो. असेच एक आयात केलेले पेडल मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले होते. वादकाला वाटले की ते जळाले. तासभर थंड खोलीत ठेवल्यावर ते पूर्ववत वाजू लागले. निर्मात्याने आपल्या गावच्या हवेत जोडी जुळवली होती, एवढाच त्याचा दोष.

आपल्याकडे जर्मेनियम दुर्मीळ नव्हते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले एसी १२८ ट्रांझिस्टर जुन्या रेडिओंतून आजही सापडतात. महाराणी रोडवर एखाद्या जुन्या दुकानाच्या खणातून असे मूठभर मिळाले की मी ते सारे घेतो आणि घरी मोजतो. फझसाठी मोजकेच उतरतात. जे विक्रेते छापील क्रमांकावर किंमत लावतात त्यांच्यापासून सावध असावे, कारण नावाजलेल्या क्रमांकांचे खोटे छाप मारलेले भाग सर्रास फिरतात.

साठच्या दशकाच्या अखेरीस बीसी १०८ सारखे सिलिकॉन ट्रांझिस्टर पेडलांत आले आणि गळतीचा प्रश्न जवळजवळ मिटला. त्यांचा आवाज अधिक तीव्र, कडांनी धारदार आणि कित्येकदा कर्कश असतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने ‘बिग मफ पाय’ आणले. त्यात चार सिलिकॉन ट्रांझिस्टर आहेत, मधल्या दोन टप्प्यांत डायोडच्या जोड्या छाटणी करतात आणि टोन नियंत्रण मधल्या वारंवारता खाली दाबते.

बुटिक निर्मात्यांचा काळ नव्वदच्या दशकात सुरू झाला. मोठ्या कंपन्यांच्या नव्या आवृत्त्या आणि जुन्या पेडलांच्या चढत्या किमती यांच्यामधली जागा एकट्यादुकट्या कारागिरांनी भरली. ‘अ‍ॅनालॉग मॅन’ने ट्रांझिस्टरांच्या जोड्या मोजून लावण्यावर नाव कमावले. मिनिआपोलिसच्या झेड व्हेक्सने पाच नियंत्रणांच्या ‘फझ फॅक्टरी’त मंडलाला मुद्दाम अस्थिर होऊ दिले, आणि ती माझ्या मते त्या काळातली खरोखर नवी कल्पना होती. बाकीच्यांचे बरेचसे काम जुन्या मंडलाची नक्कल होते. ती लपवण्यासाठी काहींनी बोर्डावर काळा इपॉक्सी ओतला. असा बोर्ड हाती आला की मला वैताग येतो : अकरा भागांत लपवण्यासारखे काही नसते आणि दुरुस्तीची वाट मात्र कायमची बंद होते.

बांधणी तपासताना मी बोर्डाआधी जॅक आणि स्विच पाहतो, कारण पाय आणि केबल यांचा मार तेथेच बसतो. जॅक डब्याला घट्ट आवळलेले हवेत आणि पोटेन्शिओमीटरचा भार सोल्डरच्या टाक्यांवर पडता कामा नये. नऊ टोकांच्या स्विचमधील तीन टोकांची तिसरी रांग केवळ दिवा लावण्यासाठी असते, हे अनेकांना ठाऊक नसते. ओतीव अॅल्युमिनियमचा डबा बाहेरचा विद्युत गोंगाट अडवतो, म्हणून सुंदर लाकडी डबा आतून तांब्याच्या पत्र्याने मढवलेला नसेल तर तो निव्वळ शोभेचा. सोल्डरिंगसाठी लावलेला फ्लक्स हा रासायनिक लेप नंतर धुतलेला नसेल, तर पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा त्रास सुरू होतो. हाताने तारा ओढून जोडलेले भाग आणि जुन्या धाटणीचे कार्बन कंपोझिशन रेझिस्टर यांचे कौतुक मला फारसे पटत नाही. असे रेझिस्टर खरखर वाढवतात आणि नीट आखलेला छापील बोर्ड तितकाच टिकतो.

एक धोका वेगळा सांगायला हवा. जुन्या पद्धतीच्या पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवतेच्या ट्रांझिस्टरच्या, पेडलमध्ये डब्याला धन टोक जोडलेले असते, म्हणून इतर पेडलांसोबत ते एकाच अॅडॉप्टरवर लावले की थेट शॉर्ट होते. यावर काही निर्माते ऋण व्होल्टेज तयार करणारी १०४४ ही चिप बसवतात. तिची स्पंदने ऐकू येण्याच्या कक्षेबाहेर नेलेली नसतील, तर सगळ्या वादनामागे बारीक शिटी राहते.

अलीकडे बरेच कारागीर साधारण आठ किलोओहमच्या मूळ रेझिस्टरजागी बदलता रोध घालून बायसचे बटण बाहेर आणतात. रामबागेतल्या एका वादकाच्या पेडलवर मी त्या बटणाभोवती स्केचपेनने दोन रेघा मारून दिल्या आहेत. एकीवर ‘पौष’ लिहिले आहे आणि दुसरीवर ‘वैशाख’.