अल्पसहसंबद्ध अतिसंयुजी फॉस्फरस संयुगे

ज्या संयुगांत फॉस्फरसाच्या अणूला तीन किंवा त्याहून कमी अणू थेट जोडलेले असतात आणि तरीही औपचारिक मोजणीने त्याच्या संयुजा-कवचात (बंधांत भाग घेणाऱ्या बाह्य कवचात) आठाहून अधिक इलेक्ट्रॉन धरावे लागतात, अशा संयुगांचा हा लहान गट आहे. पाच शेजारी असलेले फॉस्फरस पेंटाफ्ल्युओराइड यात मोडत नाही. कार्बनाशी दुहेरी वा तिहेरी बंध असलेली फॉस्फाअल्कीन, फॉस्फाअल्काइन ही अष्टक (आठ इलेक्ट्रॉनांची मर्यादा) न ओलांडणारी संयुगेही वगळली जातात.

‘अतिसंयुजी’, म्हणजे आठाहून अधिक इलेक्ट्रॉन धरणारा, ही संज्ञा जे. आय. मुशर यांनी 1969 मध्ये प्रचारात आणली. अशा बंधांसाठी फॉस्फरसाचे डी-कक्षक वापरले जातात, हे जुन्या पाठ्यपुस्तकांतील स्पष्टीकरण आता फारसे ग्राह्य मानले जात नाही. ध्रुवीय बंध आणि पिमेंटेल व रंडल यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन केंद्रांवरील चार इलेक्ट्रॉनांच्या बंधाची कल्पना यांवर आज अधिक भर दिला जातो. तरीही वर्गीकरण जुन्याच मोजणीवर उभे आहे, आणि त्यामुळे या शीर्षकाखाली परस्परविरुद्ध स्वभावाची दोन कुळे एकत्र आली आहेत.

पहिले कूळ सिग्मा-3, लॅम्डा-5 या चिन्हाने दर्शवितात; सिग्मा म्हणजे शेजारी अणूंची आणि लॅम्डा म्हणजे बंधांची संख्या. ई. नीके व डब्ल्यू. फ्लिक यांनी 1974 मध्ये वर्णिलेले अमिनो-बिस(इमिनो)फॉस्फोरेन हे त्याचे आद्य उदाहरण होय; त्यातील फॉस्फरस तीन नायट्रोजन अणूंच्या प्रतलात असतो आणि ट्रायमिथिलसिलिल गटांच्या दाटीमुळे रेणूंचे द्विवारिकीभवन (दोन-दोन रेणू एकमेकांशी जुळणे) टळते. त्यातील द्विबंध विद्युत्‌भार विलग करून लिहिल्यास फॉस्फरसाभोवती सहाच इलेक्ट्रॉन उरतात. हा फॉस्फरस इलेक्ट्रॉनस्नेही (इलेक्ट्रॉन स्वीकारू पाहणारा) असतो, हे या दुसऱ्या लेखनाशी अधिक जुळते. एक फॉस्फरस व तीन ऑक्सिजन अणूंचा एकवारिक मेटाफॉस्फेट आयन याच कुळातला आहे. फॉस्फेट एस्टरांच्या जलीय विच्छेदनात तो मध्यस्थ म्हणून निर्माण होतो, असे वेस्टहायमर व बुचर यांनी 1955 मध्ये सुचविले होते. वायुरूपात हा आयन टिकतो. मात्र नोल्स यांच्या गटाने 1984 मध्ये किरल फॉस्फेटांवर केलेल्या प्रयोगांत मिथेनॉलाशी होणाऱ्या विक्रियेत विन्यास (फॉस्फरसाभोवतीची गटांची मांडणी) पूर्णपणे उलटलेला आढळला; सपाट आयन मुक्त झाला असता तर दोन्ही बाजूंनी विक्रिया होऊन मिश्र विन्यास मिळाला असता. म्हणून अशा विद्रावकांत तो मुक्तपणे वावरत नसावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

दुसऱ्या कुळाची चर्चा मुख्यतः एकाच रेणूभोवती फिरते. एस. ए. कली व ए. जे. आर्ड्युएंगो यांनी 1984 मध्ये फॉस्फरस ट्रायक्लोराइड व एक डायकीटोअमाइन यांपासून एडीपीओ या संक्षेपाने ओळखले जाणारे द्विचक्रीय संयुग मिळविले. त्यात दोन ऑक्सिजन व फॉस्फरस जवळजवळ एका रेषेत असून नायट्रोजन त्या रेषेला काटकोनात जोडलेला आहे, म्हणजे आकार इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आहे. तीन बंध आणि दोन एकाकी जोड्या धरून त्याला 10-पी-3 (दहा इलेक्ट्रॉन, फॉस्फरस, तीन जोडलेले अणू) म्हटले गेले. ही चिन्हपद्धती 1980 मध्ये आर्ड्युएंगो व जे. सी. मार्टिन यांच्यासह सहा संशोधकांनी सुचविली होती. 10-पी-3 मानण्याचा अर्थ फॉस्फरसाची ऑक्सिडीभवन अवस्था +1 आणि सांगाडा (फॉस्फरसाला जोडलेला सेंद्रिय भाग) दोन इलेक्ट्रॉनांनी ऑक्सिडीभूत, असा होतो. उलट, रेणूला घडी पडल्याचे कल्पिल्यास तो नेहमीचा त्रिसंयुजी, 8-पी-3 फॉस्फरस ठरतो. प्रत्यक्षातील सपाट रेणूचे वर्णन कोणत्या टोकाकडे झुकवावे, यावर एकमत नाही. नंतरच्या लेखनात सांगाड्याने सपाट राहण्यास भाग पाडलेला त्रिसंयुजी फॉस्फरस, हे वर्णन वाढते आहे आणि विक्रियांच्या दृष्टीने तेच सोयीचे आहे. पिरॅमिडी अणू कडेवरून, म्हणजे अशा सपाट टी-आकाराच्या अवस्थेतून, उलटण्याच्या प्रक्रियेची संकल्पनाही डिक्सन व आर्ड्युएंगो यांनी याच अभ्यासातून मांडली. पुढे 2012 मध्ये रॅडोसेविच यांच्या गटाने अमोनिया-बोरेनच्या साहाय्याने अॅझोबेंझिनाच्या क्षपणासाठी एडीपीओ उत्प्रेरक म्हणून वापरले.

 

एडीपीओच्या चौकटीची आर्सेनिक व अँटिमनी यांची संयुगेही ज्ञात आहेत.